ठकीला दाखवलेले आवाज

५ जानेवारी, सकाळ

आई,

काल डोळ्याला डोळा लागला नाही. आमची खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि भिंतीपलीकडे लिफ्टचं मशीन आहे. ते मशीन खाकरतं. खरंच सांगते, एखादा म्हातारा घसा साफ करतो ना, तसं. आधी मला वाटलं शेजारी कोणी आजारी आहे, म्हटलं पाणी नेऊन द्यावं का. खाली रस्ता, तो झोपतच नाही. भोंगे, शटर, कोणीतरी कोणालातरी शिव्या देतंय, मग तेच दोघं हसतायत. नळाच्या पाइपातून पाणी जातं ते तर डोक्यातूनच गेल्यासारखं.

आणि ठकी ढाराढूर. एक पाय माझ्या पोटावर, तोंड उघडं. मी दचकले की तिच्याकडे बघायची. ती नाही हलली. एकदाही नाही. आवाजाने मी जागी झाले गं, पण झोप उडाली ती तिच्याकडे बघून. ज्याच्यासाठी आलोय ते माझ्या पोटावर पाय टाकून पडलं होतं.

तुला पत्र का लिहिते ते सांगते. फोन केला तर तू नुसती हॅलो हॅलो करतेस, तुला काही कळत नाही, मग तू रडतेस, मग मी रडते. दादाच्या फोनवर करावा तर तो माझा नंबर बघून कट करतो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय फिरवल्यासारखं, शाळा चौथीत सुटली, तुला माहीतच आहे. पण लागेल.

हे तुला कोण वाचून दाखवणार ते मला ठाऊक नाही. शेजारच्या शिंपीणकाकू असतील तर बरं. जे कोणी असाल त्यांना नमस्कार, आणि एक विनंती. मी जिथे 'हे आईला नको' लिहीन, तिथून पुढचं मनातल्या मनात वाचा. तिला रक्तदाब आहे. मग मी 'झालं' लिहीन, की पुन्हा मोठ्याने.

हे आईला नको. मला भयंकर भीती वाटते. इथल्या स्टेशनवर उतरले तेव्हा ठकीच्या बाबांचा हात धरून होते, पण ते आम्हाला इथे सोडून परत ट्रकवर गेले. मालक सुट्टी देत नाही. आता मी आणि ठकी. उद्यापासून तिच्या कानाच्या तपासण्या. ऑपरेशन करायचं की नाही ते नंतर मी ठरवायचं. मी! मला भाजी कुठली आणायची ते ठरवता येत नाही. आणि निघताना दादा जे बोलला ते डोक्यातून जात नाही. "मी लाकडाला भोक पाडायच्या आधी दहा वेळा मोजतो, आणि तू पोरीच्या डोक्याला भोक पाडून घ्यायला चाललीस? गेलीस तर मला फोन करू नको." एकुलती एक बहीण, एकुलती एक भाची, आणि हा स्टँडवर सोडायलासुद्धा आला नाही. माणूस आहे का खांब? नाही, खांबसुद्धा वाळवी लागली की वाकतो तरी. झालं.

आई, इथे सगळं छान आहे. खोली स्वच्छ आहे. संस्थेची आहे, पेशंटच्या घरच्यांसाठी. तू जेवत जा.

तुझी मुलगी


१० जानेवारी

आई,

तपासणी झाली. एक खोली आहे, तिचं दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड. आत भिंतींना गाद्या. मला वाटलं वेड्यांना ठेवतात तसली खोली असेल, मी दारातच थांबले. तपासणारी बाई म्हणाली, "या ना, इथे बाहेरचा आवाज येत नाही, एवढंच." ठकीला मांडीवर घेऊन बसायचं. कोपऱ्यातल्या डब्यातून आवाज येतो, आणि मूल वळलं की खेळण्यातलं माकड दिव्यासारखं पेटतं आणि टाळ्या वाजवतं. छान आहे माकड. एकदाच वाजवलं त्यांनी, मला दाखवायला. त्यानंतर ते माकड अंधारातच बसून राहिलं.

मग ठकीला खाली उभं केलं, बाईने मागून मोठा ढोल वाजवला आणि ठकी वळली! मी ओरडलेच, "बघा! बघा! माझा भाऊ सांगत होता!" बाईने ढोल उचलला, उशीवर ठेवला, ठकीचे पाय जमिनीवरून वर घ्यायला लावले आणि पुन्हा वाजवला. माझ्या कानठळ्या बसल्या. ठकी माझ्या बांगडीशी खेळत होती.

"फरशीतून तिच्या पायाला लागत होतं," बाई म्हणाली.

आई, आता तुला दादाची फळी आठवली असेल. मलाही तिथेच आठवली. आपल्या मागच्या शेडमध्ये दादा रंधा मारायचा आणि ही त्याच फळीच्या टोकाला गाल टेकून आडवी व्हायची, आणि हसायची. गदगदून. त्याने हात थांबवला की हसू थांबायचं, मान वर करून बघायची. पुन्हा रंधा, पुन्हा हसू. दादाने सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. "कोण म्हणतं पोर ऐकत नाही? माझा रंधा ऐकते ती! तुमच्या बडबडीत ऐकण्यासारखं काही नसेल!" आणि सगळे माना हलवायचे, मीही हलवायची. तिचं ठकी हे नावसुद्धा त्याचंच, म्हणे लाकडाची बाहुली माझी.

हे आईला नको. गालाला लागत होतं ते. रंधा फळीवर चालला की फळी थरथरते, ते गालाला कळतं. तो खोटं बोलत नव्हता आणि तिला ऐकूही येत नव्हतं. मला आधीपासून शंका होती का? मी मागून हाक मारायची आणि ती वळली नाही की स्वतःलाच सांगायची, हट्टी आहे, मामावर गेली आहे. डॉक्टर म्हणाले, कानात ऐकायचं मशीन बसवायचं ऑपरेशन करायचं तर आत्ताच, दोन वर्षांची आहे तोवर, पुढे उपयोग कमी. कागद पुढे केला. मी म्हटलं विचार करते. बाहेर येऊन बाकावर बसले, ठकीच्या मागे जाऊन तिला हाक मारली. मग आत गेले आणि सही केली. झालं.

आई, डॉक्टर चांगले आहेत. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. डाव्या कानाचं.

तू विचारशील शहर कसं आहे. सगळे हेच विचारतात. निघताना गल्लीत जो तो म्हणत होता, नशीबवान आहेस, ते शहर बघायला मिळणार! मला काही बघायचं नाही. खिडकीतून तो पूल दिसतो म्हणे, फोटोतला, ज्याच्यासाठी लोक कुठून कुठून येतात. मी पडदा लावून ठेवलाय.

पलीकडच्या कॉटवर एक आत्या आहे. सगळे तिला आत्याच म्हणतात. भाच्याला घेऊन आली आहे. त्याचं ऑपरेशन मागेच झालंय, आता नुसतं तपासायला येतात. तो सकाळी उठल्यापासून बोलतो. आत्या म्हणते, "बोलत नव्हता तेव्हा वाटायचं, एक शब्द ऐकू दे. आता वाटतं, कानाच्या मशीनला बंद करायचं बटण दिलंय ते फार बरं केलं." माझा पडदा बघून म्हणते, "काय गं, पूल काय आत येऊन चहा मागणार आहे का?"

तुझी मुलगी


२७ जानेवारी

आई,

ऑपरेशन चांगलं झालं. हे आधी लिहिते. ठकी खाते, हसते, पट्टी ओढते. मशीनचा आतला भाग बसवला. बाहेरचा भाग जखम भरल्यावर लावायचा, तोवर ऐकू येणार नाही.

हे आईला नको. आत नेली तेव्हा तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. ते सोडवायला मला जमलं नाही, नर्सने सोडवलं. मग मी जिन्यात बसून राहिले. काय काय विचार आले ते लिहीत नाही. कानामागे चंद्रकोरीसारखा टाका आहे, केस भादरलेत. मला वाटलं होतं बघवणार नाही. बघितलं, आणि मला दादाच आठवला. टाका एकदम सरळ साफ. त्याला आवडलं असतं काम. झालं.

आणि तुमचं पत्र मिळालं! तुमचं म्हणजे जे कोणी वाचता त्यांचं. आई, तुझ्या वतीने आलेलं पत्र मी पाच वेळा वाचलं, पाचच ओळी आहेत म्हणून परवडलं. नाव नाही. जाड पेन्सिलने, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलंय. अक्षर शिंपीणकाकूंचं नाही, त्यांचं गोल गोल असतं, काजं केल्यासारखं. मी इथे उतरवून काढते म्हणजे तुलाही कळेल तुझ्या नावाने काय जातंय:

"आई बरी आहे. पत्र वाचून दाखवले. शहर कसे आहे ते लिहिणे. पूल लाकडाचा की लोखंडाचा ते आई विचारते. भाऊ स्टँडवर आला होता. पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी उभा होता."

आई, तू कधीपासून पुलांची चौकशी करायला लागलीस? तुला तर घराचं दार लाकडाचं आहे की पत्र्याचं ते दादाने सांगितल्यावर कळलं होतं.

टाकीपाशी उभा होता हे मी ठकीच्या बाबांनाही फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मी पाहिलं होतं. तो म्हणाला सांगू नका." सगळे पुरुष एकसारखे.

तर आता विचारलंच आहे म्हणून पडदा उघडला. इतक्या लांबून लाकूड की लोखंड काय कळणार? आत्याला म्हटलं, मला तिथे नेशील का. ती चप्पल घालून तयारच. मी तिचा पदर धरून रस्ता ओलांडला, लहान पोरासारखी, आणि ठकीला कडेवर इतकी घट्ट धरली की तिने मला चावलं.

पूल लोखंडाचा आहे. लिहून ठेवा. हात लावून बघितला, गार आहे, आणि खिळे माझ्या मुठीएवढे. पण ऐका, पायी चालायची जी कडेची वाट आहे ती लाकडाची! लांबच लांब फळ्या, मध्ये फटी, फटीतून खाली पाणी दिसतं. मला चक्कर आली. लोक तिथे उभे राहून फोटो काढतात, हात असे पसरून, जणू पूल त्यांनीच बांधला. मी कठडा धरून उभी. आणि आमची ठकी खाली उतरली, पालथी पडली आणि चांगल्या बाजूचा गाल फळीला टेकवला. शेजारून गाड्या जात होत्या, सगळा पूल थरथरत होता. काय हसली! पूलभर हसली. एक बाई तिचा फोटो काढायला लागली. सगळ्या जगाने पूल बघितला असेल, पण असा गालाने कोणी नाही बघितला.

मला वाटलं होतं मी रडेन. पण मीही वाकले आणि हाताचा तळवा फळीवर ठेवला. ट्रक आला की कसं होतं, बस आली की कसं होतं, वेगवेगळं कळतं. मला माहीतच नव्हतं.

तुझी मुलगी

ता. क. कोणतं लाकूड ते मला कळलं नाही. काळपट आहे आणि डांबराचा वास येतो.


१९ फेब्रुवारी

आई, आणि वाचणारे,

मशीन चालू केलं. किती दिवस थांबलो होतो त्यासाठी, मी नवा फ्रॉक धुवून ठेवला होता.

एक तुकडा कानाला अडकवायचा आणि त्याला वायरने जोडलेली एक गोल चकती, ती केसांवर आपोआप चिकटते, आत लोहचुंबक आहे. बाईने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. ठकीचा चेहरा एकदम थांबला. मग तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी तिला फसवलंय, आणि जे भोकाड पसरलं! मग स्वतःच्या रडण्याला घाबरली, आणखी रडली. बाई हसली, "ऐकतेय! स्वतःला ऐकतेय!" मी हसले नाही. मला वाटलं होतं मी ठकी म्हणेन आणि ती वळेल. सिनेमासारखं.

बाई म्हणाली, आवाज पोचतो, पण कशाचा ते तिला माहीत नाही. आपल्याला अनोळखी लोकांच्या लग्नात बसवल्यासारखं, सगळे बोलतायत आणि ओळखीचं कोणी नाही. ओळख आपण करून द्यायची. म्हणून काम दिलंय: तिला आवाज दाखवा. कुठलाही आवाज आला की थांबायचं, आपल्या कानाला बोट लावायचं, चेहरा असा करायचा की केवढी मोठी गोष्ट घडली, "ऐकलंस?" म्हणायचं, आणि मग तिला त्या आवाजापाशी नेऊन दाखवायचं, बघ, हा बोलला. रोज. घरात बसून नाही, बाहेर.

बाहेर! मी म्हटलं, मला रस्ते माहीत नाहीत. बाई म्हणाली, "मग दोघींना एकदमच माहीत होतील."

तर आता मी या शहरात आवाज शोधत फिरते. आत्या भाच्याला घेऊन घरी गेली, आता पदर धरायलाही कोणी नाही. पहिल्या दिवशी नुसता जिना उतरून वॉचमनला वर घेऊन आले आणि लिफ्टच्या म्हाताऱ्याला भेटलो. वॉचमनने आम्हाला मशीनची खोली उघडून दाखवली. मोठं काळं चाक आहे आई, त्यावर दोर, आणि थांबताना ते खाकरतं. ज्याने मला रात्रभर जागवलं तो हा! ठकीला म्हटलं, ऐकलंस? हा बोलला. वॉचमन म्हणाला, "ताई, मीही पहिल्यांदाच ऐकतोय, बारा वर्षं नोकरी करून."

मग रोज थोडं लांब. छापखाना, तिथे कागद पडतो त्याचा टप टप टप. काचेचं मोठं दुकान, त्याचं दार आपोआप उघडताना सुस्कारा टाकतं. नदीकाठी दोर ओढून बोटी बांधतात, ते दोर करकरतात. मोठं घड्याळ ज्या मनोऱ्यावर आहे, तिथे लोक टोल ऐकायला गर्दी करतात. पण टोल पडायच्या जरा आधी वर काहीतरी कुरकुरतं, घड्याळ जणू कंबर धरून उठतं. ते कोणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी इथल्या लोकांना कानाला बोट लावून "ऐकलंत?" म्हणायचीच बाकी आहे. परवा एका माणसाने मला रस्ता विचारला. मला! आणि मी सांगितला. "छापखान्याचा आवाज येईल तिथे वळा."

हे आईला नको, पण तुम्ही वाचा. ठकी काही करत नाही. मी कानाला बोट लावते, तीही लावते, नकला करण्यात हुशार आहे. पण आवाजाकडे वळत नाही. माझ्या बोटाकडे बघते. मशीन काढून फेकते. काल कॉटच्या लोखंडी दांड्याला चकती चिकटवली आणि टाळ्या वाजवल्या, म्हणजे कॉटला ऐकू येऊ दे. हसले मी, मग हसता हसता थांबले. बाई म्हणते वेळ लागतो. पण काल तिने दोनदा मशीन तपासलं, आणि आकडे बघताना तिचा चेहरा मला दिसला. म्हणाली, एका तरी आवाजाला तिने स्वतःहून वळायला हवं. पुढच्या तपासणीत मोठे डॉक्टर बघणार आहेत. न वळली तर काय, ते मी विचारलं नाही. मला दादाचं बोलणं आठवतं. दहा वेळा मोजलं होतं का मी? मी एकदाही मोजलं नव्हतं, नुसती मागे उभी राहून हाक मारली होती. झालं.

आई, ठकीला दोन दात नवीन आले.

तुझी मुलगी


३ मार्च

आई, आणि वाचणारे, यात 'हे आईला नको' कुठेच नाही. सगळं मोठ्याने वाचा.

तुमचं दुसरं पत्र आलं. तीच जाड पेन्सिल. "मशीन पावसात भिजले तर काय करायचे. पोर पडली तर डोक्याला काय. टोपी घालता का. आई विचारते." आई, तुझी काळजी अलीकडे फारच बारीक झाली आहे हो.

आणि पाकीट झटकलं तर आतून लाकडाची एक ढलपी पडली. पातळ, गुंडाळी झालेली, रंध्यातून निघते तशी. चुकून गेली असेल. शिंपीणकाकूंच्या घरी चिंध्या निघतात, ढलप्या निघत नाहीत. मी काही म्हणत नाही.

ती ठकीने उचलली. वास घेतला. आणि मग काय केलं माहीत आहे? गालाला लावली आणि डोळे मिटून वाट बघत बसली. ढलपी काही थरथरली नाही. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी बंद केलंय.

मी तशीच उठले, तिला टोपी घातली (घालतो, हो) आणि निघाले. एवढ्या मोठ्या शहरात एक सुतार नसेल? छापखान्यात विचारलं, ते म्हणाले, फर्निचरचं मोठं दुकान आहे. तिथे गेले तर सगळं तयार, आणि कापायला यंत्र, ते किंचाळतं. ठकीने मशीनच काढून माझ्या हातात दिलं. तिथला एक म्हणाला, हाताने रंधा मारणारा आता कोण राहिलाय, स्टेशनच्या मागे एक जण दारं दुरुस्त करतो तो असला तर. मग स्टेशनची मागची बाजू. आई, मी स्टेशन एकटीने ओलांडलं. पहिल्या दिवशी ज्या गर्दीत ठकीच्या बाबांचा हात सोडत नव्हते, त्याच गर्दीतून.

तो होता. दाराची फळी लावून बसला होता, कानाला पेन्सिल, तोंडात खिळे. मी काय सांगितलं मलाच आठवत नाही. तो खिळे काढून म्हणाला, "म्हणजे मी फक्त रंधा मारायचा? दार बनवायचं नाही?"

"नाही. फक्त मारायचा, थांबायचं, आणि परत मारायचा."

"बाई, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं."

ठकीने फळी बघितली आणि सरळ गाल टेकवायला धावली. सवयच ती. आणि मी तिला उचललं. ती इतकी रडली, इतकी हातपाय मारायला लागली, की तो सुतार म्हणाला, "ठेवू द्या ना पोरीला." मी म्हटलं नाही. उचलून लांब नेलं, पलीकडच्या भिंतीपाशी, तिचं तोंड माझ्या खांद्यावर, तिची पाठ त्याच्याकडे. मी स्वतः भिंतीला टेकले नाही, आधार न घेता उभी राहिले, कुठून काही थरथर पोचायला नको. मशीन लावलं. बोट कानाला लावलं नाही. काही दाखवलं नाही. म्हटलं, मारा.

त्याने रंधा मारला. लांब, एका दमात, सुरुवातीला खरखर आणि शेवटी सूं.

ठकीचं रडणं थांबलं.

दुसऱ्यांदा मारला. ती माझ्या खांद्यावर ताठ झाली, हात माझ्या मानेवर. श्वास धरून. तो थांबला. ठकीही थांबलेलीच. मग त्याने तिसऱ्यांदा मारला आणि ठकी वळली. स्वतःहून. मान पूर्ण मागे. रंध्याकडे बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं, मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे, आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. रंधा होता, पण माणूस चुकीचा होता. तिने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, कुठे? असा पंजा हलवून, ती दूध संपलं की करते तसं.

सुताराने विचारलं, "काय झालं? नाही आवडला?"

मी म्हटलं, "आवडला. तिचा मामा शोधतेय."

काल मोठ्या डॉक्टरांपुढे माझ्या फोनवर तोच रंधा वाजवला, त्या सुताराने मला त्याचा आवाज भरून दिला होता. गाद्यांच्या खोलीत ठकी वळली आणि माकड पेटलं. माकडाने टाळ्या वाजवल्या, ठकीनेही वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, एक दार उघडलं की बाकीची उघडतात. बाईने माझा हात धरला. आज सकाळी लिफ्ट खाकरली आणि ठकीने कानाला बोट लावून मला विचारलं, ऐकलंस? म्हणजे तोंडाने नाही अजून. बोटाने.

अजून इथे बरेच दिवस राहायचं आहे. मला भीती वाटते का? वाटते, रस्ता ओलांडताना अजून मी डोळे मिटते. पण आता झोप लागते. आणि सकाळी उठले की मनात येतं, या बाजूला अजून गेलो नाही, तिकडे काय वाजत असेल.

दादा चुकला होता, ती ऐकत नव्हती. पण तिच्या गालाला रंधा माहीत होता, आणि कान नवीन मिळाले तेव्हा तेच एक ओळखीचं निघालं. नाहीतर मी तिला सगळं शहर दाखवलं असतं आणि ती माझ्या बोटाकडेच बघत बसली असती. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. माझा फोन तो उचलत नाही.

म्हणून आता जे कोणी हे वाचत असाल त्यांना सांगते. तुम्ही कोण ते मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका. माझ्या दादाला एक फोन करा. तुमचा नंबर तो कट करणार नाही असं मला आपलं वाटतं. त्याला म्हणावं, बोलायचं नसेल तर बोलू नको, तुझा राग तुझ्याजवळ ठेव, मी मागत नाही. नुसता बहिणीला फोन लाव, फोन फळीपासून थोडा लांब ठेव, आणि रंधा मार. मग थांब. ती तिकडून काय आवाज काढते ते ऐक, आणि पुन्हा मार. आम्ही रविवारी सकाळी पुलावर असू, फळ्यांवर बसलेल्या. तेवढा फोन माझ्या दादाला करा.